रिकाम्या हाताचा माणूस

नोटीस आली तेव्हा अभिनंदन मगदूम दाढी करत होता. फोन आरशाखालच्या फळीवर होता, त्यामुळे अर्ध्या गालाला फेस असतानाच त्याने ती वाचली. मग पुन्हा एकदा वाचली आणि बायकोला हाक मारली.

"शर्वरी, एक तारखेपासून आम्ही तीन."

ती हातातली कणीक तशीच घेऊन दारात आली. "कोण कमी झालं?"

"जिन्नाप्पा. दुसरं कोण? त्याच्या हातात काही नसतं ना."

"कारण काय दिलंय?"

"तुझ्याच ऑफिसचं पत्र आहे. तूच वाच."

अभिनंदन कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत उगार इंजिनिअरिंग नावाच्या फौंड्रीत भट्टीवर होता. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतायचा, ट्रॅक्टरचे सुटे भाग काढायचे, हे काम. वर्षभरापूर्वी ओतायला सहा जण असत, मग चार झाले. एक जण क्रेन चालवी. दुसरा चारशे किलो रसाचं भांडं कलवी, तिसरा रसावरची मळी मागे ओढी. चौथा काहीच करत नसे. जिन्नाप्पा हात मागे बांधून उभा राही आणि बघे. रस, साचे, माणसांचे पाय, सगळीकडे बघे. सहा महिन्यांत त्याने दोनदा "थांबा" म्हटलं होतं. दोन्ही वेळा तो बरोबर होता.

शर्वरी राष्ट्रीय सीमा-मापन कार्यालयाच्या जिल्हा शाखेत पडताळणी अधिकारी होती. नोटिशीतला आकडा कसा निघतो हे तिला नवऱ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पद्धत मुळात सोपी आहे. दोन पिठाच्या गिरण्या घ्या. वीज तेवढीच, माणसं तेवढीच. पहिली दिवसात चाळीस पोती दळते, दुसरी तीस. दुसरीची कार्यक्षमता पाऊण. किती पोती दळली जावीत हे कुणी पंडित ठरवत नाही. कुणीतरी प्रत्यक्ष दळून दाखवलेलं असतं. आता दोनाऐवजी देशातल्या सगळ्या गिरण्या घ्या, प्रत्येकीचा एक ठिपका मांडा आणि सर्वांत बाहेरच्या ठिपक्यांवरून एक दोरी ताणून बसवा. दोरी ज्यांना टेकते ते पूर्ण कार्यक्षम, त्यांचा अंक एक. बाकीच्यांचा अंक ते दोरीपासून किती आत आहेत त्यावर ठरतो. हिला सीमारेषा म्हणतात, आणि अर्थशास्त्रात ती फार जुनी आहे.

नवीन होता तो वेग. पूर्वी असा हिशेब जुळवायला तीन-चार वर्षं लागत आणि तोवर तो शिळा होई. आता प्रत्येक आस्थापनेची वीज, कच्चा माल आणि बाहेर पडलेलं वजन मिनिटाला मोजलं जाई. माणसाचे श्रम मोजायला मनगटावर पट्टा होता. हजेरीवरच्या प्रत्येकाला तो सक्तीचा. हात हलला की काम, सात सेकंद स्थिर राहिला की पट्टा थरथरे आणि तो वेळ रिकामा धरला जाई. देशाची सीमारेषा रोज संध्याकाळी नव्याने आखली जाई. ज्या आस्थापनेचा तिमाहीचा अंक शेवटी सत्तर शतांशांच्या खाली जाई, तिची वीज तुटे आणि तिथली माणसं 'मुक्त' होत. मुक्त माणसाला कार्यालय गरज असेल तिथे नेमणूक देई.

या सगळ्याविरुद्ध वाद घालणं अवघड होतं. कुणीही कुरकुर केली की एकच उत्तर मिळे: कुणीतरी करून दाखवलंय, म्हणजे ते शक्य आहे.

त्या दिवशी ऑफिसात शर्वरीने सहसा कुणी बघत नाही ती गोष्ट बघितली. उगारचा अंक ज्या ठिपक्याशी तुलना करून निघत होता, तो ठिपका कुणाचा? पडद्यावर नाव आलं: मळगे कास्टिंग, कोल्हापूर. ओतायला तीन माणसं. खराब माल शंभरात एक. देशातल्या सगळ्या छोट्या फौंड्र्यांसाठी दोरी तिथे टेकली होती.

मळग्यांची फौंड्री उगारपासून दीड किलोमीटरवर होती. तीन वर्षांपूर्वी तिची पडताळणी शर्वरीनेच केली होती. आणि तिचे वडील, भूपाल चौगुले, त्याच फौंड्रीत एकेचाळीस वर्षं साचे भरून निवृत्त झाले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती तिथे पोचली. वाळू मळायच्या यंत्राशेजारी, भिंतीला लागून, लाकडी बाकावर सहा म्हातारे बसले होते. सहाव्या जागेवर तिचे वडील होते, बशीत चहा ओतून घेत.

"काय गं, सकाळी सकाळी? कामावर न्हाईस?"

"कामावरच आहे, अण्णा."

"मग बस की. चहा घे. मोजायला चहा आडवा येत न्हाई."

मळग्यांच्यात जुनी रीत होती. तीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाचा सकाळचा चहा निवृत्तीनंतरही बंद होत नसे. मालकांच्या आजोबांनी ती घालून दिली होती. म्हातारे आठला येत, साडेबाराला घरी जेवायला जात. मागच्या पडताळणीत शर्वरीने त्यांना पाहिलं होतं. 'पट्ट्याविना उपस्थित व्यक्ती' या रकान्यात तिने सहा लिहिलं होतं आणि कारणाच्या रकान्यात 'भेट'. तिला त्यात काही खोटं वाटलं नव्हतं. लहानपणापासून तिने निवृत्त ओतारी असेच बसलेले पाहिले होते. या गावात कुणीही तेच लिहिलं असतं.

आज ती बसली आणि नुसती बघत राहिली.

आठ बावीसला तिचे वडील उठले. यंत्रातून पडलेल्या वाळूची मूठ उचलली, दाबली, गोळा दोन बोटांनी मोडला आणि खाली टाकला. काही न बोलता परत येऊन बसले. यंत्रावरच्या माणसाने पाण्याचा नळ किंचित आवळला.

आठ एकेचाळीसला बाकावरचे मल्लू नाईक खाकरले. भांडं कलवणारा थांबला, मळी ओढणाऱ्याने आणखी दोन हात मारले, मग ओतणं सुरू झालं.

नऊला शंकर शेट्यांनी साच्याच्या एका कोपऱ्याकडे हनुवटी केली. साचा बाजूला काढला गेला.

साडेबारापर्यंत शर्वरीच्या वहीत एकेचाळीस नोंदी झाल्या.

"अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही काम करताय इथं."

"मी? मी चहाला येतो."

"सकाळपासून अकरा वेळा उठलात."

"वय झालं, पोरी. कंबर धरते बसून."

बाक हसला. मल्लू नाईक म्हणाले, "काम असतं तर तुझ्या आईनं डबा दिला नसता व्हय?"

"मशीनवर ओलाव्याचा आकडा येतोय की," ती म्हणाली. "मग वाळू कशाला दाबता?"

अण्णांनी बशी पुसली. "आकडा बरोबरच असतोय. पण आकडा सगळ्या ढिगाचा. आणि ओली राहती एक मूठ." त्यांनी बशी बाकावर ठेवली. "ओल्या वाळूत रस पडला की पाण्याची वाफ होती, आणि वाफंला जागा लागती. हजार पटीनं लागती. मग ती साच्याला विचारत न्हाई, माणसाला पण न्हाई. तुझ्या जन्माच्या आधी आमच्या भट्टीवरचा गणपा गेला, तो तसाच."

मळगे मालक साठीचे होते, बाळगोंडा नाव. तिचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लिहा, मॅडम. खरं ते लिहायलाच पाहिजे. आमचा अंक उतरू दे. पण ह्यांना उद्यापासून फाटकावर अडवायला लावू नका."

"तसं काही होणार नाही. उलट सगळीकडची माणसं वाढतील. तीन माणसांत हे होत नाही, नऊ माणसांत होतं, एवढंच सिद्ध होईल."

"व्हय ना," मालक म्हणाले.

*

"म्हणजे वर्षभर," अभिनंदन म्हणाला, "आम्ही मामांशी शर्यत लावत होतो." सासऱ्यांना तो मामा म्हणे.

संध्याकाळचे सात वाजले होते. ताट त्याच्यापुढे तसंच होतं.

"त्यांना माहीत नव्हतं."

"त्यांना नव्हतं. तुला होतं. तू बघितलंस, आणि 'भेट' लिहिलंस."

"मला ते काम वाटलंच नाही, अभि."

"तुझे वडील होते म्हणून नाही वाटलं. माझे असते तर विचारलं असतंस, म्हातारा इथं रोज काय करतो."

ते पूर्ण खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं.

"जिन्नाप्पा परत येईल," ती शेवटी म्हणाली. "दुरुस्ती पाठवते. एक तारखेच्या आत."

"पाठव. मला मागं बघणारा एक माणूस पाहिजे, बास. रस कलवताना मला माझ्या मागं बघता येत नाही."

तिने दुरुस्तीचा अहवाल शुक्रवारी पाठवला. एकेचाळीस नोंदी, वेळेसकट. निष्कर्ष एका वाक्यात: मळगे कास्टिंगचं उत्पादन तीन नव्हे, नऊ व्यक्तींचं आहे, सबब सीमारेषा मागे घ्यावी. स्वतःची चूकही तिने पहिल्या परिच्छेदात लिहिली.

उत्तर सहा दिवसांनी आलं.

'दुरुस्ती स्वीकृत. नवीन उत्पादन-घटक नोंदवला: ज्येष्ठ निरीक्षक. प्रत्यक्ष खर्च: शून्य. उपलब्धता: मुबलक. सीमारेषा कायम.'

तिने ते चार वेळा वाचलं आणि पुण्याला सहसंचालक पेंडशांना फोन लावला.

"अभिनंदन, मॅडम," पेंडसे म्हणाले. "नवऱ्याचं नाव घेत नाहीये, खरंच अभिनंदन करतोय. या वर्षातली देशातली सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे ही."

"सर, मी भट्टीवर माणसं वाढवायला सांगितलं होतं."

"वाढलीच की. प्रत्येक भट्टीला एक ज्येष्ठ."

"सीमारेषा मागे यायला हवी होती. ते उत्पादन नऊ जणांचं आहे."

"नऊ जणांचं, पण त्यातल्या सहांचा खर्च शून्य. आणि गणितानं पाहिलं, सहा लागतच नाहीत. तुमच्याच नोंदींत एका वेळी एकच म्हातारा उठलाय. मळग्यांकडे पाच जण अतिरिक्त आहेत. ते वाटून टाकायचे." पेंडशांचा आवाज समजूतदार होता. "देशात साठ वर्षांवरची किती अनुभवी माणसं नुसती बसून आहेत, कल्पना आहे तुम्हाला? आम्हाला ती दिसतच नव्हती. तुम्ही दाखवलीत."

"आणि कुणी नाही म्हणालं तर?"

"सक्ती नाही. फक्त त्याच्या मूळ आस्थापनेचा अंक उतरेल."

दोन दिवसांनी भूपाल चौगुल्यांच्या दारात पट्टा आला. नेमणूक: उगार इंजिनिअरिंग.

त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. "न्हाई म्हटलं तर मळग्यांचं नुकसान?"

"हो, अण्णा."

"मग घाल." त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळाची सवय नसलेलं ते बारीक मनगट होतं, भाजल्याच्या पांढऱ्या डागांचं. पट्टा शेवटच्या भोकात बसला.

*

एक तारखेला उगारच्या शेडमध्ये शर्वरीला हजर राहावं लागलं. सुधारणा सुचवणाऱ्या अधिकाऱ्यानेच पहिलं ओतकाम प्रमाणित करावं, असा आदेश होता. उगारचा तिमाहीचा अंक त्या सकाळी एकाहत्तर शतांश होता. कार्यालयाची तिमाही एक तारखेच्या संध्याकाळच्या हिशेबाने संपे. आजचं ओतकाम झालं नाही तर तो सत्तरच्या खाली जाणार, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

इम्तियाज क्रेनवर होता, सतीश मळीच्या दांड्यावर, अभिनंदन भांड्याच्या चाकाशी. भांडं साच्यांवर येऊन थांबलं. आतला रस पांढुरका पिवळा दिसत होता.

तिचे वडील साच्यांशेजारी उभे होते. इथे बाक नव्हता. बाकावर बसणं रिकाम्या वेळात धरलं जाई, म्हणून तो काढून टाकला होता.

"मामा, बघा," अभिनंदन म्हणाला. "सहा मिनिटं आहेत. मग रस गार होऊन बसतो."

अण्णांनी वाळूची मूठ उचलली. दाबली. मोडली. पुन्हा उचलली.

"ही वाळू कुठली?"

"तयार येते, मामा. मिसळूनच. पोत्यातनं."

"कुठल्या नदीची?"

"ते कुणाला ठाऊक."

अण्णांनी तिसरी मूठ घेतली आणि तशीच धरून ठेवली. पट्टा थरथरला. त्यांनी चमकून मनगटाकडे पाहिलं, हात हलवला, मूठ सांडली. चौथी घेतली. सात सेकंदांनी पट्टा परत थरथरला.

"हे काय हाय?"

"हात हलवत राहा, अण्णा," शर्वरी म्हणाली. "थांबलात की वाजतं."

"थांबल्याशिवाय कळायचं कसं?"

सतीश हसला, मग त्याला हसणं बरोबर वाटलं नाही.

शर्वरीच्या पडद्यावर ओलाव्याचा आकडा होता, तीन पूर्णांक चार. मर्यादेत. त्याखाली एक ओळ: 'ज्येष्ठ निरीक्षण: ओतण्यास योग्य?' आणि दोन बटणं. होय. नाही. वर उलटी मोजणी चालू होती, चार मिनिटं दहा.

"अण्णा, काय लिहू?"

"मला कळत न्हाई."

"म्हणजे ओली आहे?"

"तसं म्हणत न्हाई मी. आमची वाळू चाळीस वर्षं एका जागची. ती माझ्याशी बोलायची. ही बोलत न्हाई." ते हळू आवाजात बोलत होते, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जात होतं. "होय म्हणत न्हाई आणि न्हाई पण म्हणत न्हाई."

"दोनातलं एक लागतं."

"मग तुमचं यंत्र चुकलंय."

तीन मिनिटं.

अभिनंदनने चाकावरचा हात काढला नव्हता. "मामा," तो म्हणाला, "मळग्यांकडे असं झालं असतं तर काय केलं असतंत?"

"गप बसलो असतो. आणि पोरांनी माझ्याकडं बघून ओतलं नसतं."

"इथं बसता येत नाही."

"दिसतंय मला."

क्रेनवरून इम्तियाज ओरडला, "मॅडम, आकडा मर्यादेत आहे ना? मग होय दाबा की. आमच्या घरी चार जण खाणारे आहेत."

त्याचं चुकत नव्हतं. आकडा मर्यादेत होता. साचे कोरडे असण्याची शक्यता बरीच जास्त होती; शर्वरीने मनातल्या मनात तिचा अंदाजही बांधला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्या पाठीमागे कुणीही उभं नव्हतं. जिन्नाप्पाची जागा रिकामी होती, आणि तिथून जे दिसलं असतं ते या क्षणी कुणालाच दिसत नव्हतं.

तिने 'नाही' दाबलं.

रस कोपऱ्यातल्या कोरड्या खड्ड्यात ओतून टाकला. तो तिथे तांबडा होत, मग काळा होत थिजला. साचे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप वाळले. त्यातली एखादी मूठ ओली होती की नव्हती, हे कधीच कळणार नव्हतं. उगारचा अंक संध्याकाळी अडुसष्ट झाला.

अभिनंदन त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला, पण भाजी काय आणायची एवढंच. अण्णांनी पट्टा काढून मळग्यांच्या बाकावर जाऊन बसायचं ठरवलं. फाटकावर त्यांना अडवलं. मळगे मालक स्वतः बाहेर आले, त्यांनी हात जोडले आणि पाच जण अतिरिक्त असल्याचं पत्र दाखवलं. पत्र अण्णांना वाचता येत होतं. तरी त्यांनी मालकांना ते मोठ्याने वाचायला लावलं.

*

आठवड्याने देशाचा गोषवारा आला. शर्वरीला तो खास पाठवला होता, सोबत पेंडशांचं कौतुकाचं पत्र.

एक तारखेला तीनशे अकरा भट्ट्यांवर ज्येष्ठ निरीक्षक उभे होते. तीनशे दहांनी 'होय' दाबलं. तीनशे सातांचं उत्पादन नोंदलं गेलं. वेळेची बचत अपेक्षेपेक्षा जास्त. सीमारेषा चार शतांश पुढे सरकली. शिफारस: पुढच्या तिमाहीपासून ओतण्यास दोन व्यक्ती आणि एक ज्येष्ठ.

तिने वजाबाकी केली आणि फोन लावला.

"सर, तीन भट्ट्यांचं काय झालं?"

"कुठल्या?"

"तीनशे दहांनी ओतलं. तीनशे सातच मोजल्यात."

कागद चाळल्याचा आवाज आला. "हां. त्या तीन ठिकाणी त्या दिवशीचं उत्पादनच नोंदलेलं नाही. माहिती अपूर्ण. नियमानं वगळाव्या लागतात, मॅडम. तुम्हीच शिकवता हे नवीन लोकांना. ठिपकाच नसेल तर दोरी टेकणार कशाला?"

"उत्पादन का नाही नोंदलं?"

"त्याचा रकाना नाही."

तिने तीन आस्थापनांचे क्रमांक वहीत लिहून घेतले. नावं यादीत नव्हती, गावंही नव्हती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अभिनंदन उंबऱ्यावर बसून फोन वाचत होता. उगारची वीज दुपारी तोडली होती. ते तिघे मुक्त झाले होते आणि नेमणुका लगेच आल्या होत्या.

"बरं झालं," तो म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा ऊब होती. "दोन दिवसांत हजर व्हायचंय. भट्टीवरच आहे काम. तीन जागा एकदम रिकाम्या आहेत म्हणे, तातडीच्या. मी, इम्तियाज आणि सतीश. तिघं एकाच ठिकाणी."

"गाव कुठलं?"

"लिहिलं नाही. नुसता क्रमांक आहे."

तिने फोन त्याच्या हातातून घेतला. क्रमांक अकरा आकडी होता. तिने वही उघडली आणि उभ्यानेच एकेक आकडा ताडून पाहायला सुरुवात केली. वहीतल्या पहिल्याच क्रमांकाशी पहिले आठ जुळले. पुढचे तीन वाचण्याआधी तिने वही क्षणभर मिटली.

"काय बघतेस?" अभिनंदनने विचारलं.